बोर्दोची रेड वाइन किती वर्षं ठेवायची, कधी उघडायची

जगात बनणारी बहुतेक रेड वाइन बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते. ठेवून मुरवण्याजोग्या वाइन थोड्याच. त्यात फ्रान्समधल्या बोर्दोचा हिशेब सगळ्यात स्पष्ट आहे, म्हणून तोच घेऊ. वय मोजायचं ते लेबलवरच्या सालापासून, म्हणजे द्राक्षं खुडली त्या वर्षापासून. आपण बाटली कधी घेतली याला इथे अर्थ नाही.

लेबलवर नुसतं 'बोर्दो' किंवा 'बोर्दो सुपेरियर' असेल तर 3 ते 5 वर्षं पुष्कळ झाली. बोर्दोतल्या मेदोक भागातल्या 'क्रू बुर्जुआ' या मधल्या दर्जाच्या वाइनला 5 ते 10 वर्षं द्या. 1855 मध्ये ठरलेल्या अधिकृत प्रतवारीतल्या पोइयाक, मार्गो, सें-जुलियाँ इथल्या शातोंच्या (म्हणजे स्वतःच्या मळ्यातून वाइन बनवणाऱ्यांच्या) वाइन चांगल्या सालातल्या असतील तर 10 वर्षांच्या आत उघडू नका. 12 ते 25 हा त्यांचा खरा काळ. लाफित, लातूर (होय, उच्चार तोच) यांसारख्या पहिल्या प्रतीच्या बाटल्या 15 वर्षांनी बोलायला लागतात आणि 40 पर्यंतही टिकतात. त्याच शातोंची 'दुसरी', म्हणजे मुख्य वाइनच्या खालची, वाइन 6 ते 12 वर्षांत प्यावी. नदीच्या उजव्या काठाला, पोमरोल आणि सेंत-एमिलियाँमध्ये, मर्लो या जातीच्या द्राक्षांचं प्रमाण जास्त. तिथली वाइन साधारण 8 ते 20 वर्षांत.

यात सालाने फरक पडतो. 2005, 2010 आणि 2016 मध्ये टॅनिन (तुरटपणा) भरपूर आहे, तिथे वरच्या आकड्याकडे झुका. 2009 चं फळ जास्त पिकलेलं, त्यामुळे ती वाइन लवकर खुलते. 2013 थंड-ओल्या हवेत गेलं. ते साल साठवून फायदा नाही. बाटलीचा आकारही बघा: 375 मिलीची अर्धी बाटली लवकर मुरते, दीड लिटरची मॅग्नम सावकाश.

टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तो तुरटपणा. काबर्ने सोव्हिन्याँ या जातीची द्राक्षं बारीक आणि जाड सालीची, म्हणून तिच्यात तो जास्त उतरतो. बाटलीत वर्षानुवर्षं टॅनिन आणि सालीतला रंग एकमेकांशी जोडले जातात, तुरटपणा मऊ होतो आणि जड झालेला भाग गाळ होऊन तळाशी बसतो. आंबटपणा मात्र तसाच राहतो आणि फळाची चव हळूहळू ओसरते. म्हणून तरुणपणी बेचव, पाणचट किंवा नको तितकी आंबट असलेली वाइन ठेवून सुधारत नाही. पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

साठवणीचं तापमान 12 ते 14 अंश, आर्द्रता 60 ते 70 टक्के, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे कॉर्क ओला राहतो. पुण्या-नागपुरात कपाटात ठेवलेल्या बाटलीला हे आकडे लागू नाहीत. 25 अंशांवर वाइन भराभर म्हातारी होते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर शिजते. कॉर्क काठाच्या वर आलेला दिसला किंवा गळ्याशी चिकट ओघळ असला, की ती बाटली तापली आहे असं समजा. घरचा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक. त्यातल्या कोरड्या हवेने पुढे कॉर्क सुकतो. वाइन फ्रिज घ्यायचा तर कॉम्प्रेसरवालाच घ्या. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली उतरतो, त्यामुळे 38 अंशांच्या खोलीत त्याला 13 गाठता येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लेबलला बुरशी लागते. क्लिंग फिल्मचा एक वेढा पुरतो. हे काहीच जमणार नसेल तर महागडी वाइन मुरवायच्या फंदात पडू नका, मुरलेलीच विकत घ्या.

घेताना पातळी बघा. 10 वर्षांच्या बाटलीत वाइन गळ्यात असली पाहिजे. 20 वर्षांनंतर गळ्याच्या तळापर्यंत उतरली तरी चालते. खांद्याच्या, म्हणजे गळ्याखालच्या उताराच्या, मधोमध आली असेल तर हवा शिरली आहे.

नेमकी वेळ कुठलाच तक्ता सांगत नाही, म्हणून एकाच वाइनच्या सहा बाटल्या घ्याव्यात आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने एकेक उघडावी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कड जांभळी असेल तर वाइन कोवळी आहे. कड विटकरी आणि मध्ये लाल असेल तर ऐन भरात. सगळीच तपकिरी झाली असेल तर उशीर झाला. वासात काळ्या फळांसोबत तंबाखू, देवदार, ओला पालापाचोळा येऊ लागला की मुरलेपण आलं. अर्धी वाइन लगेच 375 मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. आदल्या दिवसापेक्षा चांगली लागली तर उरलेल्या बाटल्यांना अजून वेळ आहे. चव उतरली असेल तर त्या या वर्षीच संपवा. मधल्या काही वर्षांत कधीकधी वाइन गप्प होते, ना वास ना फळ. त्यावरून निकाल देऊ नका, दोन वर्षं थांबा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर दोष कॉर्कचा. वयाशी त्याचा संबंध नाही.

जुनी बाटली उघडण्याआधी एक-दोन दिवस उभी ठेवा. 20 वर्षांपुढचा कॉर्क साध्या स्क्रूने तुटतो, दोन पात्यांचा ओपनर वापरा. गळ्याखाली टॉर्च धरून एकाच सावकाश धारेत डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता, मध्ये बाटली सरळ करू नका. गाळाची रेघ खांद्यापाशी आली की थांबा; तळाचे 40-50 मिली सोडून द्यायचे. 10-12 वर्षांच्या वाइनला डिकँटरमध्ये तास-दोन तास द्या. 25 वर्षांपुढची लगेच प्या, तासाभरात ती उतरणीला लागू शकते. पिताना 16 ते 18 अंश असावी. 'रूम टेम्परेचर' म्हणजे आपली 30 अंशांची खोली नव्हे.

नाशिकच्या रेड वाइनला हे आकडे लावू नका. बहुतेक 2 ते 4 वर्षांत प्याव्यात, ओकच्या पिंपात राहिलेल्या निवडक तेवढ्या 5 ते 8. शिवाय नाशिकची खुडणी जानेवारी ते मार्चच्या सुमाराला, बोर्दोची सप्टेंबर-ऑक्टोबरात; त्यामुळे लेबलवर साल एकच असलं तरी नाशिकची वाइन सात-आठ महिन्यांनी मोठी असते.