कार पॉलिशचं सामान घेताना आधी पॅड, मग कंपाउंड

बारीक गोल ओरखडे घालवायला लोक थेट कडक कंपाउंड (रंग जास्त घासणारं जाडसर पॉलिश) आणतात. ओरखडे जातात, पण क्लिअर कोटही (रंगावरचा पारदर्शक थर) विनाकारण झिजतो आणि तो परत येत नाही.

१. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवतानाच हलवणारं पॉलिशिंग मशीन), मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश एवढ्यावरच सुरुवात करा. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखून तिथेच चालवून बघा.
२. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टॉर्च तिरकी धरून पाहा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, पुसल्यावरच खरं काय ते कळतं.
३. फरक कमी वाटला तर आधी जरा कडक पॅड लावा. तरीही भागलं नाही, तरच कंपाउंड.

पॅडच्या रंगावर मुळीच जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. पाकिटावरचं 'कटिंग' (कडक), 'पॉलिशिंग' (मधलं), 'फिनिशिंग' (मऊ) वाचा. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा (मशीनची ज्यावर पॅड चिकटतं ती चकती) थोडं मोठं हवं, नाहीतर प्लेटची कड रंगाला लागते. आणि एकाच जातीची तीन-चार तरी घ्या. पॉलिशने भरलेलं, तापलेलं पॅड नीट कापत नाही; महागड्या बाटलीपेक्षा हा खर्च जास्त कामाला येतो.

दरवाजाच्या कडा आणि उठावदार रेषांवर मास्किंग टेप लावाच, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.