घरगुती ब्लाइंड टेस्ट: स्पीकर निवडताना या चुका टाळा

दोन जोड्या बुकशेल्फ स्पीकर, चार मित्र आणि एक पडदा जमला की झाली ब्लाइंड टेस्ट (कोणता स्पीकर वाजतोय ते न कळता, फक्त कानानं निवडायचं), असं समजणाऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय.

सगळ्यात जास्त नडते ती आवाजाची पातळी. नॉब तोच म्हणजे आवाजही तोच, असं नसतं. एकाची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठ्यानं वाजतो ते) ८९ डेसिबल आणि दुसऱ्याची ८६ असेल, तर पहिला ३ डेसिबलनं चढा वाजणार. एवढा चढा आवाज कानाला नुसता ‘मोठा’ वाटत नाही. ‘मोकळा’, ‘भरीव’ वाटतो. ठाण्याच्या मित्राकडे आम्ही तिघांनी एकमतानं एक जोडी निवडली, त्यानं त्याच रात्री ऑर्डर टाकली. पंधरा दिवसांनी मी पिंक नॉइज (मोजणीसाठी वापरतात तो एकसारखा खळखळाट) लावून सोफ्यावर आवाज मोजायचा मीटर धरला, तर आमची लाडकी जोडी अडीच डेसिबलनं पुढे! पातळी जुळवून पुन्हा ऐकलं. दोघांनी हरलेल्या जोडीला मत दिलं, तिसऱ्याला फरकच कळेना. मित्र म्हणाला, “अरे, हे आधी नाही का सांगायचं?” परत करायची मुदत उलटून गेली होती. तेव्हापासून मी आधी मीटर लावतो, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणतो, मग गाणं. फोनवरचं ॲपही चालेल. फोन तोच आणि जागा तीच हवी.

पडद्याला सोलापुरी चादर लावू नका, झांजेची किणकिण तिथेच अडते. फुंकर आरपार जाईल असं मलमल घ्या.

एक जोडी कोपऱ्यात, दुसरी भिंतीपासून लांब? मग तबल्याच्या बायाँची घुमक स्पीकरची नाही, कोपऱ्याची ऐकताय.

वायरी काढघाल करण्यात दोन मिनिटं गेली की कान आधीचा आवाज विसरलेले असतात. एका खटक्यात जोडी बदलणारा सिलेक्टर स्विच घ्या.

कोणती जोडी वाजतेय ते चारपैकी तीनदा ओळखलं म्हणून नाचू नका, नाणेफेकीतही तेवढं जमतं. दहापैकी नऊ आले तर बोलू.

“पडदा कशाला, डोळे मिटतो की,” हे तर मला ऐकवतच नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी ४० जणांना तेच स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड ऐकवले. दिसताना मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले, छोट्या स्वस्ताचे घटले. आणि ऐकणारे कोण, तर स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीचेच कर्मचारी!

स्पीकर बदलणाऱ्यानं “आता ऐका हं” म्हटलं तरी सुरावरून कळतं. म्हणून हे काम मी भाचीला देतो. तिला यात काडीचा रस नाही. पडद्यामागे नाणं उडवते, स्विच फिरवते, वहीत लिहिते आणि मोबाइल बघत बसते.