कळी गळतेय? फवारणीआधी फूल उघडून बघा

भोपळा, काकडी, कारली, कलिंगड यांच्या उन्हाळी वेली आता फुलावर येतील आणि पाठोपाठ नेहमीची तक्रार सुरू होईल: फुले भरपूर, पण फळ धरत नाही. अशा वेळी बरेच जण थेट टॉनिकची बाटली हातात घेतात. माझी कळकळीची विनंती आहे, पंप भरण्याआधी चार-पाच फुले तोडा आणि तळहातावर उघडून बघा. अडचण कुठे आहे ते तिथेच कळते.

या वेलींवर सहसा नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. आधी येतात ती नर. त्यांचा देठ सरळ पाकळ्यांना भिडतो आणि आत पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारे भाग असतात. भोपळ्यात तर ते एकत्र जुळून मधोमध पिवळा दांडाच तयार होतो. त्यावर बोट फिरवा, पिवळी भुकटी लागली की पराग तयार आहे. मादी फुले त्यानंतर साधारण 7 ते 10 दिवसांनी दिसू लागतात. तोवर नर फुले गळणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मादी फूल ओळखायला सोपे. पाकळ्यांच्या खाली इवलेसे फळ आधीच बसलेले असते. ते म्हणजे अंडाशय. काकडीचे असे फूल ब्लेडने उभे चिरा. वरच्या टोकाला चिकट, फुगीर कुक्षी (पराग झेलणारा भाग) दिसेल, तिच्याखाली आखूड कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीची दांडी, आणि अंडाशयात पांढुरक्या ठिपक्यांच्या रांगा. हे ठिपके म्हणजे बीजांडे. कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो, त्याची नलिका कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि एका बीजांडाचे फलन करते. दुसऱ्या बीजांडासाठी दुसरा परागकण लागतो. बी धरले की त्यातून निघणाऱ्या संजीवकांमुळे (वाढ घडवणाऱ्या द्रव्यांमुळे) भोवतालचा गर वाढतो. बी धरले नाही तर तेवढा भाग मागे राहतो. काकडी एका टोकाला निमुळती किंवा वाकडी झाली, तर पुष्कळदा पराग कमी पडलेला असतो. बीजरहित काकडीच्या जातींना मात्र हे लागू नाही, त्या परागाशिवायच धरतात.

पाकळ्यांचे काम कीटकांना बोलावण्याचे. कलिंगडाचे फूल एकच दिवस उघडे असते आणि तेवढ्या वेळात मधमाश्यांनी त्यावर साधारण 8 वेळा तरी यायला हवे. शेतात मधमाश्या दिसत नसतील तर हाताने परागीभवन करा. सकाळी दव सुकल्यावर, साधारण 9 वाजायच्या आत, ताजे उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढून टाका. आतला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवा, भोपळ्यात तिच्या सगळ्या पाळ्यांना पराग लागला पाहिजे. एका नर फुलाच्या परागावर दोन-तीन मादी फुलांचे काम होते. मादी फुलाच्या देठाला खुणेचा दोरा बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत फळ फुगून देठ जाड होऊ लागला तर काम झाले. टोकाकडून पिवळे पडून सुकले तर फलन झालेले नाही. पण गळलेल्या फळावर बारीक छिद्र आणि डिंकासारखा स्राव असेल तर ते चिरून बघा, आत अळी निघाली तर दोष फळमाशीचा आहे, परागाचा नाही.

आता फवारणीच्या वेळेबद्दल, कारण इथेच सर्वात मोठी चूक होते. भोपळा, काकडी, कारल्याची फुले सकाळी उमलतात, म्हणून कीटकनाशक संध्याकाळी मारायचे. दुधी आणि दोडक्याचे उलटे आहे. त्यांची फुले संध्याकाळी उमलतात, मग तीच वेळ त्यांना घातक ठरते. त्यांच्यावर सकाळी, आदल्या रात्रीची फुले मलूल झाल्यावर पण ऊन तापायच्या आत फवारा.

नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि नर फुले वाढतात, त्यामुळे फुलोऱ्यात युरियाचा हात आखडता घ्या. बोरॉन परागनलिकेच्या वाढीला लागते, पण माती परीक्षणात कमतरता दिसली तरच द्या.

वांग्याची फुलगळ असेल तर कुक्षीवृंताची लांबी बघा. कुक्षी परागकोशांच्या, म्हणजे परागाच्या पिशव्यांच्या वर आली असेल ते फूल धरते. आखूड राहून आत दडलेली असेल ते बहुधा गळणारच, त्यावर औषधाचा खर्च नको. टोमॅटोत पराग त्याच फुलातून कुक्षीवर पडतो, वाऱ्याने झाड हलले तरी पुरते. पण दिवसाचे तापमान 35 अंशांपलीकडे गेले आणि रात्रही उकाड्याची असली की पराग निकामी होतो, कधी कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावते. अशा दिवसांत सावलीची जाळी लावा, थोडे-थोडे पण नियमित पाणी द्या आणि उष्णतेची लाट ओसरल्यावर येणाऱ्या नव्या घोसांची वाट बघा.