तरंगत्या पवनचक्कीच्या मूरिंग लाइनमधला बिघाड शोधताना या चुका टाळा

तरंगती पवनचक्की समुद्रतळावरच्या नांगरांना बांधून जागेवर धरून ठेवणाऱ्या साखळ्या किंवा दोर म्हणजे मूरिंग लाइन. त्या बऱ्याचदा तीनच असतात. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडजवळ २०१७ साली सुरू झालेल्या हायविंड प्रकल्पातही प्रत्येक पवनचक्कीला तीनच आहेत. त्यातली एक तुटली तर तिची जागा घ्यायला दुसरी नसते. पवनचक्कीखालचा तरंगता मंच दूरवर वाहत जातो आणि त्याला जोडलेली वीजवाहिनी तुटू शकते. म्हणून बिघाड आधीच पकडावा लागतो.

फक्त ताणाच्या आकड्यावर विसंबून राहणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. खाऱ्या पाण्यात लोड सेल (लाइनमधला ताण मोजणारा सेन्सर) हळूहळू चुकीचं दाखवू लागतो, कधी बंदच पडतो. एका लाइनचा ताण अचानक उतरलेला दिसला, तर आधी बाकीच्या दोन लाइन आणि जीपीएसवरची मंचाची जागा पाहा. ताण खरंच गेला असेल तर मंच सरकलेला असणारच. बाकी सगळं जागच्या जागी असेल तर आधी सेन्सर तपासा.

याच्या उलट परिस्थिती जास्त धोक्याची. साखळी नांगराजवळ तुटली, तर तळावर पडलेला तिचा लांबलचक भाग गाळात रुतून घर्षणावर टिकून राहतो. वरच्या टोकाला ताण जवळपास नेहमीसारखाच दिसतो. पुढच्या वादळात मात्र ती साखळी ओढली जाते. त्यामुळे प्रत्येक वादळानंतर, वारा पडल्यावर, मंच जुन्याच जागी परत आला का हे पाहायलाच हवं. काही मीटरचा फरक कायम राहिला, तर नांगर सरकल्याची किंवा साखळी तुटल्याची शंका घ्या आणि पाण्याखालचा कॅमेरा पाठवा.

शिवाय लोड सेलला वाकण्याचा ताण दिसत नाही. अंगोलाच्या समुद्रातल्या गिरासोल तेलक्षेत्रात २००१ साली बसवलेल्या बोयाच्या (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाच्या) साखळ्या वर्षभराच्या आत तुटल्या. बोया हेलकावला की वरच्या टोकाच्या कड्या वाकत होत्या, त्यातून त्या थकत गेल्या. लाइन जिथे मंचाला जोडलेली असते, तिथल्या कड्या जवळून तपासण्याला पर्याय नाही.

वारा जास्त म्हणजे मंच जास्त सरकणार, असं धरून चालणे

पवनचक्कीवरचा वाऱ्याचा रेटा साधारण सेकंदाला ११-१२ मीटर वेगाच्या आसपास सर्वाधिक असतो. त्यापुढे पाती कोन बदलतात आणि रेटा कमी होतो. म्हणून २० मीटरच्या वाऱ्यात मंच कमी सरकलेला दिसला तर तो बिघाड नव्हे. पवनचक्की बंद असताना तर सगळंच गणित वेगळं. वाऱ्याचा वेग, दिशा, भरती-ओहोटी आणि यंत्र चालू की बंद, हे सगळं सारखं असलेल्या नोंदींचीच एकमेकींशी तुलना करा.

दहा मिनिटांची सरासरी पुरेशी मानणे

सरासरीत झटक्यांचे ताण दिसेनासे होतात. दुसरं म्हणजे, मंचाच्या पुढे-मागे सरकण्याचा एक फेरा साधारण एक-दोन मिनिटांचा असतो. दहा मिनिटांत असे मोजकेच फेरे येतात. मूरिंगचा ताठरपणा १० टक्क्यांनी घटला, तर १०० सेकंदांचा फेरा जेमतेम १०५ सेकंदांचा होतो. एवढासा फरक पकडायला तासाभराच्या किंवा त्याहून लांब, सलग नोंदी लागतात.

मॉडेलच्या अचूकतेला भुलणे

प्रत्यक्ष बिघाडाच्या नोंदी फार थोड्या मिळतात, म्हणून नोंदींवरून बिघाड ओळखणारं संगणकीय मॉडेल बहुधा संगणकावरच्या अनुकरणातून (सिम्युलेशनमधून) मिळालेल्या नोंदींवर शिकवलं जातं. एकाच वादळाच्या नोंदींचे शेजारचे तुकडे शिकवण्यात आणि चाचणीतही गेले, तर निकाल छान दिसतो आणि समुद्रात मॉडेल फसतं. चाचणीला संपूर्ण वेगळी वादळं ठेवा. नोंदींत ९९ टक्के वेळ सगळं ठीकच असेल, तर ‘बिघाड नाही’ एवढंच सांगणारं मॉडेलही ९९ टक्के अचूक ठरतं. किती बिघाड हुकले आणि किती खोटे इशारे आले, हे दोन्ही आकडे मागा.

साखळीवर चढणारे शिंपले-शेवाळही ध्यानात ठेवा. त्याने लाइनचं वजन महिनोन्महिने वाढत जातं आणि मूळ नोंदींशी तुलना केली की मॉडेल उगाच इशारे देऊ लागतं. प्रत्येक पाहणीनंतर त्या थराची जाडी गणितात घाला.