अर्धवेळ काम धरलं म्हणून लाभ जातो? या चुका टाळा

लातूरच्या क्लासेसच्या भागात मेसमध्ये पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायकांत एक धास्ती कायम असते. पगार खात्यावर घेतला की लाडकी बहीण बंद, रेशन बंद. मग रोख घ्यायचं आणि कुठं बोलायचं नाही. काही जणी तर हाती आलेलं कामही सोडतात. बऱ्याचदा ही भीती फुकाची असते, आणि खरा धोका असतो तिथं कुणाचं लक्षच जात नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्या योजना एकाच मापानं मोजणं. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत हवं. मेसचे महिना 6,000 आणि नवऱ्याच्या डाळ मिलचे 12,000 धरले, तर वर्षाचे 2,16,000 होतात. लाभाला धक्का नाही. मात्र इथं कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अविवाहित मुलं. पुण्याला शिकता शिकता संध्याकाळी पार्सल पोचवणाऱ्या मुलाची कमाईही धरा. बेरीज बहुतेक वेळा तिथंच चुकते.

संजय गांधी निराधार योजनेचं गणित वेगळं आणि फार कडक. कुटुंबाची मर्यादा वर्षाला 21,000, दिव्यांगांसाठी 50,000. एखादी विधवा बाई दोन घरची धुणीभांडी करून महिना 2,000 मिळवते, म्हणजे वर्षाचे 24,000. झाली मर्यादा पार. आजच्या महागाईत हा आकडा अन्यायाचा आहे, तो वाढलाच पाहिजे. पण तोवर काम धरण्याआधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून घ्या. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तेही तिथं सांगा. एकदा बंद झालेलं अनुदान पुन्हा सुरू करायला नव्यानं खेटे घालावे लागतात.

आता हंगामी कामाचं. मराठवाड्यात जिनिंग असो की ऊसतोड, काम बारमाही नसतं. तरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यानं विचारलं की आपण सांगतो, "महिन्याला पाच हजार." त्याला 12 नं गुणलं की कागदावर 60,000. खरं उत्पन्न चार महिन्यांचे 20,000! म्हणून महिन्याचा आकडा सांगूच नका. "हंगाम चार महिन्यांचा, एकूण 20,000" असं सांगा, मालकाकडून किंवा मुकादमाकडून तसं लिहून घ्या आणि अर्जाला जोडा. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं (एका कोयत्यावर) गेला असाल तर दोघांची मजुरी एकत्र असते, ती दोनदा लिहिली जात नाही ना, एवढं बघा.

रेशनची केशरी शिधापत्रिका 1 लाखापर्यंतच्या उत्पन्नाची. वरच्या डाळ मिलवाल्या घराचं उत्पन्न त्यापुढं गेलेलं आहे, म्हणजे लाडकी बहीणला पात्र असलेलं घर रेशनच्या तपासणीत अडू शकतं. अशा वेळी हमीपत्रावर खोटा आकडा लिहून सही करू नका. दवाखान्याची काळजी मात्र सोडा: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून पांढरी शिधापत्रिकावालेही येतात, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी.

पीएफ कापला की या योजनांचा लाभ जातो, हाही गैरसमज. मोजलं जातं ते उत्पन्न. पीएफ नाकारून नुकसान आपलंच होतं.

आणि काम लागल्यावर हप्ता खरंच आला नाही, तर लगेच "नाव कटलं" म्हणून बसू नका. मालकानं पगारासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं आणि आधार तिकडं जोडलं गेलं, की योजनेचे पैसे त्याच नव्या खात्यात जाऊ लागतात. जुन्या पासबुकावर काहीच दिसत नाही. आधी दोन्ही पासबुकं भरून आणा, आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा, आणि लाडकी बहीणची ई-केवायसी राहिली नाही ना तेही तपासा. एवढं करूनही पैसे दिसले नाहीत, तर ही कागदं घेऊन अंगणवाडी ताईकडं किंवा तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा.