तळणीच्या तेलाचं बायोडिझेल: घट कुठे होते, कशी अडवायची

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मिसळवाले, वडेवाले, फरसाणवाले यांच्याकडून वापरलेलं तेल घेतो. या धंद्यात नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, १०० किलो तेल घातलं, मग बायोडिझेल ८०च किलो का? तेलात मेथॅनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं की तेलाचं बायोडिझेल होतं आणि ग्लिसरीन वेगळं पडतं. हिशेबाने १०० किलो तेलाला जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि साधारण १० किलो ग्लिसरीन मिळायला हवं. तेलात पाणी किंवा आम्लता असली की कॉस्टिकमुळे साबण होतो, आणि कमी भरलेला माल बहुतेक त्या साबणापायी गेलेला असतो. घट दिसते तयार बायोडिझेल पाण्याने धुताना, पण ती अडवायची असते तेल तापवताना.

वड्याच्या कढईतल्या तेलात पाणी असतंच. गाळून, कोमट करून दिवसभर निवळू द्या, तळाचं पाणी काढा, मग ११० अंशांवर तडतड आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत तापवा. त्यानंतर ५५ अंशांपर्यंत थंड करा. मेथॅनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं. त्याहून गरम तेलात ते ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. ते विषारीही आहे, म्हणून टाकी बंदच हवी.

कॉस्टिक अंदाजाने कधीच घालू नका. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण ३.५ ग्रॅम लागतं. वापरलेल्या तेलाचं टायट्रेशन (आम्लता मोजायची चाचणी) करून जेवढी आम्लता निघेल तेवढं त्यात वाढवायचं. साबण होण्यात गेलेलं १ ग्रॅम कॉस्टिक सुमारे ७ ग्रॅम फॅटी अॅसिड (तेलातलं आम्ल) सोबत नेतं, शिवाय तो साबण तयार बायोडिझेलही धरून ठेवतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात कॉस्टिकचा डबा तासभर उघडा राहिला तरी पापड्या ओलावतात आणि वजन खोटं ठरतं. हवाबंद डबा, लहान पिशव्या, एवढं पाळाच.

माझा सगळ्यात जास्त भरवसा दोन टप्प्यांवर आहे. मेथॅनॉल-कॉस्टिकचं ८० टक्के मिश्रण आधी घाला, तासभर ढवळा, निवळलं की ग्लिसरीन काढा. मग उरलेलं २० टक्के. ग्लिसरीन बाजूला झालं की उरलेलं तेलही पुरतं बदलतं. खात्री करायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मेथॅनॉलमध्ये हलवून ठेवा. तळाशी तेल बसलं तर धुऊ नका, पुन्हा प्रक्रिया करा. अर्धवट बदललेलं तेल पाण्याशी असं एकजीव होतं की सगळं ताकासारखं दिसतं आणि तासन् तास फुटत नाही.

शेवटचं ग्लिसरीन रात्रभर निवळू द्या आणि नळ हळूच सोडा. घाईत थरांमधला माल वाहून जातो. पहिलं धुणं कोमट पाण्याच्या बारीक फवाऱ्याने, न ढवळता करायचं. तरीही फेसाळलंच तर गरम करून मिठाचं पाणी घाला.

काढलेलं ग्लिसरीन लगेच टाकू नका. त्यात कॉस्टिक आणि मेथॅनॉल शिल्लक असतं. पुढच्या खेपेच्या कच्च्या तेलात ते कोमट असताना ढवळून निवळू दिलं की तेलाची आम्लता उतरते आणि टायट्रेशनचा आकडा खाली येतो.