चिखलात पोकलेन: रुतायच्या आधी काय बघायचं, रुतल्यावर काय करायचं

२० टनांचं पोकलेन ६०० मिलिमीटर रुंद शूवर (चेनच्या लोखंडी पट्ट्यांवर) नुसतं उभं असलं, की दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.४५ किलो दाब पडतो. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली ०.३५ किलोच्या आसपास दाब येतो. फरक फार नाही. याच हिशोबावर बरेच ऑपरेटर निर्धास्त होतात आणि फसतात. माणसाचा दाब वीतभर खोलीवर विरून जातो, पोकलेनचा मीटर-दीड मीटर खाली पोचतो. शिवाय बकेट मातीत घालून ओढायला लागलं की वजन चेनच्या पुढच्या टोकावर येतं आणि तिथला दाब दुपटीच्या घरात जातो. सपाट उभं असताना तरलेलं मशीन पहिल्या दहा बकेटांत नाक खुपसतं ते यामुळेच.

आधी माती

बेळगावच्या आसपास एकाच दिवसात दोन तऱ्हेच्या मातीत काम पडतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती आणि जांभा. पाऊस चार-सहा तास थांबला तरी वरचं पाणी उतरतं आणि जमीन मशीन पेलते. पण जांभ्याचं कवच फोडून खाली गेलं की बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळी, पिठासारखी मऊ माती लागते. कोरडी असेपर्यंत ती भिंतीसारखी उभी राहते. पाणी लागलं की ताकासारखी ओघळते. विहिरीचं किंवा पाइपलाइनचं खोदकाम करताना ही माती दिसली तर पावसाळ्यात चराच्या काठाला चेन लावू नका.

निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे काळी माती, आणि बळ्ळारी नाल्याकाठच्या शहापूर-वडगाव-यळ्ळूर शिवारातल्या भातशेतीतही भारीच जमीन. ही माती पाणी सोडत नाही. दोन दिवस ऊन पडलं की वरचा पापुद्रा वाळतो, भेगाही दिसतात, पण खाली लोणीच असतं. आर्द्रा नक्षत्रात एकदा भिजली की तरणा (पुनर्वसू) आणि म्हातारा (पुष्य) पाऊस संपेपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर पुराने आणलेला गाळ याहून फसवा. त्याच्यावर गवत उगवलेलं असतं, म्हणून जमीन जुनी वाटते.

तिसरी गोष्ट उपळीची. डोंगरउताराच्या पायथ्याला पाऊस थांबल्यावरही आतून पाणी वर येत राहतं. ती जागा नकाशात नसते, जमीनमालकाला मात्र ठाऊक असते. त्याला नेमकं विचारा: "मामा, गेल्या पावसात ट्रॅक्टर कुठं रुतला होता?" जमीन कशी आहे असं विचारलं तर "घट्ट हाय की" एवढंच उत्तर मिळतं.

मग पहार घ्या. दीड मीटरची, बोटभर जाडीची सळईही चालते. मशीन जिथून जाणार त्या वाटेवर दर दोन-तीन पावलांवर एका माणसाने अंगाचा भार देऊन दाबायची. वीतभर जाऊन अडली तर जा. ५०-६० सेंटिमीटर सहज गेली तर ओंडके टाकल्याशिवाय चेन पुढे घालू नका. वर घट्ट लागून मग एकदम सुळकन गेली, तर ती जागा सगळ्यात धोक्याची.

पाणी काढा, मग वाट करा

शक्य असेल तर मशीन आत नेण्याच्या एक-दोन दिवस आधी काठावर उभं राहूनच दोन-अडीच फूट खोल चर मारून पाणी सखल कोपऱ्याकडे काढा. तिथे खड्डा करून पंप लावा. तांबड्या मातीत याचा गुण लगेच येतो. काळ्या मातीत आतलं पाणी हलत नाही, पण वर साठलेलं जातं आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

वाटेसाठी निलगिरीचे ओंडके या भागात सहज मिळतात. २०-२५ सेंटिमीटर जाडीचे, साडेचार मीटर लांबीचे पाच ओंडके साखळीने किंवा तारेच्या दोराने दोन्ही टोकांना बांधले की एक गठ्ठा होतो, साधारण १.१ मीटर रुंदीचा आणि पाऊण ते एक टन वजनाचा. मशीनची रुंदी २.८ मीटर असते, म्हणून साडेचार मीटर लांबी हवीच. आखूड ओंडका चेनखाली सरकून एका बाजूने उभा राहतो. गठ्ठे वाटेला आडवे टाकायचे. आठ गठ्ठे असले की काम भागतं: पाच चेनखाली राहतात आणि मागचे तीन बूम (मशीनचा मोठा हात) फिरवून पुढे आणता येतात. उचलताना साखळी बकेटच्या कडीत अडकवा, दातांत नको. दातावरून निसटलेला गठ्ठा कुठे पडेल याचा नेम नाही.

काही जण ओंडक्यांऐवजी उसाचं पाचट टाकतात. पाचट दोन फेऱ्यांत चिखलात कालवलं जातं आणि वर चेन आणखी घसरते. लोखंडी प्लेट भार पसरवते, पण ओल्या मातीने माखली की मशीन साबणावरून सरकावं तसं सरकतं. उतारावर प्लेट वापरूच नका. काळ्या मातीवर नुसता मुरूम ओतणं म्हणजे पैसे गाडणं. चार दिवसांत तो खाली जातो. मुक्काम आठवड्याहून मोठा असेल तर जमिनीवर जिओटेक्सटाइलचं कापड, त्यावर फूट-दीड फूट बोल्डर आणि वर अर्धा फूट मुरूम, असा थर द्या.

सतत पाणथळ भागातच काम असेल तर ८०० मिलिमीटरचे शू बसवलेलं मशीन मागवा. दाब ०.३५ किलोच्या आसपास उतरतो. मात्र दगडाळ जागी तेच रुंद शू वाकतात आणि त्यांचे बोल्ट ढिले होतात. जेसीबी या कामात लवकर हार मानतो, कारण टायर जमिनीला फार कमी जागेवर टेकतात. न्यायचाच असेल तर फोर-व्हील चालू ठेवा आणि मागच्या दोन्ही टेकूच्या पायांखाली जाड फळ्या द्या.

चालवताना आणि खोदताना

चिखलात जागेवर गिरकी घेऊ नका. एक चेन पुढे, एक मागे केली की शू माती कापत खाली जातात आणि चिखल आयडलर (चेनचं पुढचं चाक) आणि स्प्रॉकेट (मागचं दातेरी चाक) यांच्यात भरून चेन उतरते. चिखलात उतरलेली चेन चढवणं म्हणजे अख्खा दिवस गेला. वळायचं असेल तर थोडं पुढे, थोडं वळण, पुन्हा थोडं पुढे. वेग कमीच ठेवा.

चेनचा ताण चिखलात नेहमीपेक्षा थोडा सैल हवा. भरलेली माती चेन आतून ताणते. आधीच घट्ट असलेली चेन मग पिन, बुश आणि फायनल ड्राइव्हवर (चेन फिरवणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण देते. किती सैल, तो आकडा आपल्या मशीनच्या पुस्तकातला घ्या. चेन सैल करायला ताणाच्या सिलिंडरमधलं ग्रीस सोडताना व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त ढिला करू नका आणि तोंड त्याच्या समोर नेऊ नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो.

खोदताना चेन चराला काटकोनात, स्प्रॉकेट मागे. काठ खचायला लागला तर सरळ मागे निघता येतं. चेन काठाला समांतर असेल तर एक बाजू खचली की मशीन आडवं झालंच. घट्ट बाजूला उभं राहून मऊ बाजूचं खोदा आणि मागे सरत या. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका. दीड मीटरहून खोल चरात बाजूंना धिरे (टेकू) दिल्याशिवाय किंवा बाजू उताराने कापल्याशिवाय माणूस उतरवू नका, पाइप जोडायला दोन मिनिटं लागणार असली तरी.

ओली माती घनमीटरला दोन टनांच्या जवळ जाते. एक घनमीटरचं बकेट काठोकाठ भरून बाजूला स्विंग केलं की त्या बाजूची चेन दबते, म्हणून पाऊण बकेटच भरा आणि शक्यतो चेनच्या दिशेतच फिरवा. चिखलात घुसलेलं बकेट सरळ बूमने उपटू नका. खाली पोकळी होऊन चिखल बकेटला धरून ठेवतो आणि बकेट वर येण्याऐवजी मशीनचं नाक खाली जातं. आधी बकेट थोडं हलवून हवा आत जाऊ द्या, मग उचला. चिकटलेली माती झाडायला बकेट चेनवर आपटायची सवय अनेकांना आहे. रोलर आणि शू त्यातच फुटतात. गाळ काढायला बिनदाती, रुंद, तळाला भोकं असलेलं बकेट सगळ्यात चांगलं.

नाल्यात उतरायचं असेल तर पाणी कॅरिअर रोलरच्या (चेनची वरची बाजू पेलणाऱ्या रोलरच्या) मध्यापर्यंतच चालेल. त्यावर गेलं तर स्विंग बेअरिंग (ज्यावर मशीनचा वरचा भाग फिरतो) धोक्यात. बाहेर पडताना चढ १५ अंशांहून जास्त असेल तर मशीनची मागची बाजू पाण्यात बुडते आणि पंखा पाणी उडवत स्वतःच मोडतो.

रुतलंच तर

मशीनचं पोट जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर वर असतं. चेन २५-३० सेंटिमीटर गेली की थांबा. पोट टेकल्यावर चेन नुसती फिरते आणि खड्डा खोल करते.

१. चेन थांबवा. बकेटने चेनच्या पुढचा चिखल काढून उतार करा, बाजूचं पाणी वाट काढून द्या.

२. जास्त रुतलेल्या बाजूला बूम फिरवा. जमिनीवर दोन-तीन ओंडके टाकून त्यावर बकेटची गोल पाठ टेकवा, दात नाही. बूम आणि आर्म (बूमच्या टोकाचा, बकेट धरणारा हात) यांच्यातला कोन ९० ते ११० अंश ठेवून हळूहळू दाबा. चेन उचलली की ती हवेत फिरवून चिखल झाडून टाका.

३. उचललेल्या चेनखाली ओंडके सरकवा, तेही लांब बांबूने किंवा दुसऱ्या ओंडक्याने ढकलून. मशीन फक्त तेलाच्या दाबावर उभं असतं, म्हणून कोणाचाही हात-पाय चेनखाली जाता कामा नये. हेल्पर समोर, ऑपरेटरला दिसेल असाच उभा राहील.

४. दुसऱ्या बाजूला तेच करा. मग बूम पुढे आणून बकेट घट्ट जमिनीत रोवा आणि आर्म आत ओढत चेन हळू चालवा, दोन्ही एकदम.

एवढ्याने निघालं नाही तर दुसरं पोकलेन बोलवा. उसाचे चार ट्रॅक्टर साखळीने जोडून ओढायचा प्रकार इथे सर्रास होतो. चौघे एकाच क्षणी जोर देत नाहीत, झटका एकाच साखळीवर बसतो आणि ती तुटून चालकापर्यंत येते. दोर चेनच्या फ्रेमला गुंडाळा, कोपऱ्यांवर लाकूड ठेवा. फ्रेमवरचं लहान भोक हलकं वजन ओढण्यासाठी असतं, मशीन नव्हे. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी थांबू नये.

रुतलेलं मशीन रात्रभर सोडू नका, नदीकाठी तर नाहीच. काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की दूधगंगेचं आणि हिडकल धरणातून सोडलं की घटप्रभेचं पाणी चढतं, मग तुमच्याकडे पाऊस असो वा नसो. चालू मशीनसुद्धा संध्याकाळी उंचावर आणून लावा.

संध्याकाळचा अर्धा तास

काळी माती रोलरवर वाळली की विटेसारखी होते. सकाळी मशीन हललं की तीच सील फाडते. म्हणून चिखल ओला असतानाच एकेक चेन उचलून पुढे-मागे फिरवा, उरलेला खोऱ्याने काढा, मग पाण्याचा मारा. रेडिएटरवर जोराचा मारा नको, जाळी वाकते. पाण्यात गेलेल्या प्रत्येक पिनला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस द्या, बकेटच्या पिनांना आधी. डिझेलची टाकी रात्रीच भरा, म्हणजे आत दव धरत नाही. सकाळी सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं) पाणी सोडा. नाल्यात काम झालं असेल तर फायनल ड्राइव्हचा प्लग ढिला करून तेल बोटावर घ्या. ते दुधाळ दिसलं तर पाणी आत जाऊ न देणारं फ्लोटिंग सील गेलं आहे. तेल बदलून भागणार नाही, सील बदलेपर्यंत मशीन पाण्यात घालू नका.